दमा, ॲलर्जी आणि शुगर एकत्र असताना नवा उपचार सुरू करण्याचा क्रम

दमा आणि शुगर दोन्ही असलेल्या माणसाचं गणित बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकतं. धाप वाढते, पाच-सात दिवसांच्या स्टिरॉइड गोळ्या मिळतात, शुगर साडेतीनशेवर जाते. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘स्टिरॉइडनं शुगर वाढते.’ रुग्ण गोळ्यांबरोबर रोजचा पंपही (इनहेलर) बंद करून टाकतो, कारण पंपातही स्टिरॉइड असतं हे त्यानं ऐकलेलं असतं. महिन्याभरात दमा पुन्हा उसळतो. पुन्हा गोळ्या, पुन्हा शुगर.

पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. नेहमीच्या डोसमध्ये पंपामुळे शुगर फारशी हलत नाही. पंप सोडल्यावर ज्या गोळ्या घ्याव्या लागतात, त्या मात्र शुगर हमखास वाढवतात. शुगर आटोक्यात ठेवायची असेल तर पंप चालू ठेवणं हाच स्वस्त उपाय आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती बांधल्या आहेत.

हा क्रम प्रौढ रुग्णांसाठी आहे. लहान मुलं आणि गरोदर बायका यांचे डोस आणि नियम वेगळे असतात. औषध कोणतं आणि किती हे डॉक्टर ठरवतील. ते घरी आणल्यावर काय, कधी आणि कशानंतर करायचं, एवढंच इथे आहे.

## पायरी १: सगळी औषधं एका पिशवीत, मग एका यादीत

सीमाभागात एका रुग्णाचे तीन डॉक्टर असणं नवीन नाही. शुगरचा बेळगावात, छातीचा मिरजेला किंवा कोल्हापूरला, आणि सर्दी-खोकला-तापाला गावातला दवाखाना. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी आणि कंपनीही वेगळी. त्यामुळे तेच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातं. मोन्टेलुकास्ट-लेव्होसेटिरिझिनची जोडगोळी दोन ब्रँडमध्ये चालू असते आणि रुग्ण दिवसभर पेंगत राहतो. किंवा शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन ही एकत्र गोळी चालू असताना वर मेटफॉर्मिन वेगळी घेतली जाते.

घरातली सगळी औषधं पिशवीत भरा. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात. यादीत मूळ नाव, ताकद आणि वेळ लिहा. बारीक इंग्रजी वाचता येत नसेल तर मेडिकलवाल्याकडून देवनागरीत लिहून घ्या. सकाळच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी गेलात तर तो निवांत लिहून देईल. जनऔषधी केंद्रात मूळ नावानंच औषध मिळतं, तेव्हा ही यादी तिथेही उपयोगी पडते.

यादीतून हमखास सुटणाऱ्या गोष्टी या:

- काचबिंदूचे थेंब. त्यात टिमोलोल असेल तर ते डोळ्यावाटे रक्तात जाऊन श्वासनळ्या आवळू शकतं. शुगरवाल्यांना डोळ्यांचे डॉक्टर लागतातच. दमा आहे हे त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा.
- धडधडीसाठी, हात थरथरण्यासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिलेलं प्रोप्रॅनोलोल. हे दम्याला घातक आहेच, शिवाय शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथरही ते झाकून टाकतं.
- अंगदुखीच्या गोळ्या. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं अर्ध्या-एक तासात जोरदार धाप लागते. असं एकदा जरी झालं असेल तर फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहा. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका, विचारा.
- डेरिफायलिनसारख्या थिओफायलिनच्या गोळ्या. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकबरोबर त्यांचं रक्तातलं प्रमाण चढतं. मळमळ, धडधड, प्रसंगी झटके येतात.
- बाजारातली किंवा यात्रेत घेतलेली ‘दम्याची पुडी’. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. पुडीनं दोन दिवसांत छाती एकदम मोकळी होते आणि शुगर चढते, तेव्हा संशय घ्यायलाच हवा. बरेच दिवस घेतली असेल तर अचानक थांबवू नका, पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.
- खोकल्याचं गोड औषध, आणि गूळ-मध घातलेला काढा. साखरविरहित औषध मागितलं की मिळतं.

तपासा: यादीत कोणतंही मूळ नाव दोनदा आलंय का? आलं असेल तर नवा उपचार सुरू करण्याआधी त्याचा निकाल लावा.

## पायरी २: नव्या औषधाआधी दोन आठवड्यांची नोंद

आधीची नोंद नसेल तर नव्या औषधानं फरक पडला की ऋतूनं, हे कुणालाच सांगता येत नाही. (धाप चालू असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही, उपचार आधी, वही नंतर.)

शंभर पानी वहीत रोज एक ओळ: सकाळ-संध्याकाळचा पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगानं बाहेर पडते त्याचा आकडा), शुगर, पंपाचे जादा फवारे, रात्री खोकल्यानं जाग आली का, आणि त्या दिवशी धूळ, धूर, पाऊस, सण यांतलं काय होतं.

पीक फ्लो मीटर हे प्लॅस्टिकचं साधं उपकरण आहे. काटा शून्यावर आणा, उभे राहा, पूर्ण श्वास घ्या, मीटरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटा आणि एका झटक्यात जोरात फुंका. तीनदा करा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढायची नाही. दमा शांत असताना मिळालेला सर्वांत मोठा आकडा हा तुमचा ‘स्वतःचा उच्चांक’. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असाल तर ठीक. ५० ते ८० म्हणजे दमा घसरतोय. ५० च्या खाली म्हणजे आत्ता मदत हवी. उच्चांक ४०० असेल तर ३२० आणि २०० हे दोन आकडे वहीच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहून ठेवा.

शुगर या दोन आठवड्यांत आठवड्यातून तीन दिवस तरी उपाशीपोटी आणि दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी बघा. इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज. बोट साबणानं धुवून कोरडं करा. गुळाचा खडा किंवा केळं हाताळलेल्या बोटाचा आकडा पन्नास-शंभरनंही खोटा चढू शकतो. शुगर तपासायच्या स्ट्रिपची डबी लगेच बंद करा. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळी हवेत उघड्या डबीतल्या स्ट्रिप दमट होऊन वाटेल ते आकडे दाखवतात.

याच काळात एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची), हिमोग्लोबिन आणि रक्तदाब करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा असू शकतो, म्हणून दोन्ही एकत्र बघायचे.

## पायरी ३: पंप घ्यायची पद्धत आधी, नवं औषध नंतर

‘पंप लागू पडत नाही’ म्हणून औषध वाढवलेल्या अनेकांचं औषध जिभेवर आणि घशातच बसत असतं. नवा उपचार सुरू होण्याआधी डॉक्टर किंवा नर्सच्या समोर, स्वतःच्या पंपानं, एकदा करून दाखवा. तोंडी सांगितलेलं धरू नका.

आधी पंप दोन आहेत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवं. साल्बुटामॉलचा पंप ऐन वेळेचा: मिनिटांत आराम, पण श्वासनळ्यांची सूज तशीच. बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यांपैकी काही असलेला पंप रोजचा. तो घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही, म्हणून लोक सोडतात आणि तिथेच फसतात. फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइडचा पंप काही रुग्णांना रोजचा आणि ऐन वेळेचा असा दोन्ही कामांसाठी देतात. मग दिवसाचे एकूण फवारे बाराच्या वर जाता कामा नयेत. सालमेटेरॉल असलेला पंप मात्र असा ऐन वेळी वापरायचा नसतो.

फवाऱ्याचा पंप, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) लावून:

1. झाकण काढा, पंपाच्या तोंडात कचरा नाही ना बघा, पंप चार-पाच वेळा जोरात हलवा. नवा असेल किंवा आठवडाभर पडून असेल तर दोन-चार फवारे हवेत सोडा (नेमका आकडा पंपाच्या कागदावर असतो).
2. पंप स्पेसरला जोडा. ताठ बसा, श्वास पूर्ण बाहेर सोडा.
3. स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच फवारा दाबा, सावकाश चार-पाच सेकंद आत ओढा, दहा सेकंद रोखा. रोखता येत नसेल तर तोंड न काढता पाच-सहा साधे श्वास घ्या.
4. दुसरा फवारा अर्ध्या ते एका मिनिटानं, पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम दाबले की औषध स्पेसरच्या भिंतीला चिकटतं.
5. रोजचा पंप झाल्यावर चूळ भरून थुंका, गुळण्या करा. शुगर चढी असणाऱ्यांच्या तोंडात पांढरी बुरशी लवकर धरते, त्यामुळे हे टाळू नका. सकाळी पंप आधी, दात नंतर, अशी सवय लावली की विसर पडत नाही.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटतं.

कॅप्सूलचा पंप (रोटाहेलरसारखा): इथे नियम उलटे. हलवायचं नाही, स्पेसर लावायचा नाही, आणि श्वास सावकाश नाही तर जोरात व खोल ओढायचा. श्वास सोडताना पंप तोंडापासून लांब धरा. आत फुंकर गेली की पावडर ओली होते. घेतल्यावर कॅप्सूल उघडून बघा, पावडर उरली असेल तर परत ओढा. कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत, आणि त्यांचा दोष नाही. कॅप्सूल म्हटलं की माणूस गिळणारच. देताना सांगणं हे देणाऱ्याचं काम.

तपासा: फवाऱ्याच्या पंपात औषध किती उरलं हे डबी पाण्यात तरंगवून कळत नाही. आकडा दाखवणारा पंप घ्या, नाहीतर डबीवर सुरू केल्याची तारीख लिहा. २०० फवाऱ्यांचा साल्बुटामॉल पंप वर्षात तीन किंवा जास्त लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, मग तुम्हाला कितीही बरं वाटत असो.

## पायरी ४: एका वेळी एकच बदल

नवा पंप, नवी शुगरची गोळी आणि ॲलर्जीची गोळी एकाच सोमवारी सुरू केली आणि बुधवारी अंगावर पुरळ आलं, तर दोष कुणाचा? दोन्ही डॉक्टरांना सांगा की तातडीचं नसेल तर बदलांत दोन आठवड्यांचं अंतर ठेवावं. कोणतं आधी, हे विचारलं तर दम्याचं. श्वास स्थिर झाला की झोप, चालणं, जेवण सुधारतं आणि शुगरचा खरा आकडा समोर येतो.

नवं औषध (झोप आणणारी ॲलर्जीची गोळी सोडून) सकाळी, कामाच्या दिवशी, दवाखाना उघडा असताना सुरू करा. शनिवारी रात्री पहिली गोळी घेण्यात काही शहाणपण नाही.

कशाचा परिणाम किती दिवसांत बघायचा, याचा अंदाज असला की औषध अर्ध्यात सुटत नाही. ॲलर्जीची गोळी तासा-दोन तासांत काम करते. नाकातला स्टिरॉइडचा फवारा पूर्ण लागू व्हायला एक-दोन आठवडे घेतो. रोजच्या पंपानं काही दिवसांत फरक जाणवतो, पण पूर्ण फायदा दोन-तीन महिन्यांनी. ओमॅलिझुमॅब या ॲलर्जीच्या दम्यावरच्या इंजेक्शनचा निकाल साधारण सोळा आठवड्यांनी लावतात. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून उपयोग नाही.

## पायरी ५: स्टिरॉइड गोळ्यांचा कोर्स आला तर

सगळ्यांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

सुरू करण्याआधी छातीच्या डॉक्टरांना शुगरची औषधं दाखवा आणि शुगरच्या डॉक्टरांना फोन करा. दोन प्रश्न पुरेत: या दिवसांत माझा डोस बदलायचा का, आणि किती आकड्याला फोन करू?

वेळ: गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर, एकदम. संध्याकाळी घेतल्या तर झोप उडते आणि रात्रभर शुगर चढी राहते.

शुगर कधी बघायची: सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन दुपार ते रात्रीपर्यंत शुगर चढवतं आणि पहाटेपर्यंत ओसरतं. त्यामुळे उपाशीपोटीचा आकडा १२० येतो, माणूस निर्धास्त होतो आणि दुपारी चारला शुगर ३४० असते. कोर्समध्ये दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी आणि रात्रीच्या जेवणाआधी बघा. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला नसेल तर लागोपाठ दोनदा २५० च्या वर गेल्यास त्याच दिवशी फोन करा.

इथे चूक होते ती अशी: संध्याकाळची शुगर चढलेली पाहून रात्रीचं इन्सुलिन मनानं वाढवलं जातं. रात्री स्टिरॉइडचा जोर उतरतो, इन्सुलिनचा राहतो, आणि पहाटे तीनला घामानं भिजून शुगर ५० वर येते. वाढ लागते ती बहुधा सकाळच्या-दुपारच्या डोसमध्ये, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची.

कोर्स संपताना वाढवलेला डोस परत खाली आणायचा असतो. स्टिरॉइड थांबलं आणि शुगरचा वाढीव डोस तसाच राहिला तर दोन-तीन दिवसांत शुगर उतरते. शेवटच्या गोळीच्या तारखेपुढेच ‘डोस पूर्वीचा करायचा, डॉक्टरांना विचारून’ असं वहीत आधीच लिहा.

पाच-सात दिवसांचा कोर्स साधारणपणे एकदम थांबवता येतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललेलं स्टिरॉइड मात्र कधीही झटक्यात थांबवायचं नाही. शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

या दिवसांत उपवास नको. श्रावणी सोमवार असो वा एकादशी, साबुदाण्यानं शुगर चढते, आणि जेवण नसताना ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेतलं तर उतरते. पंपाला कोणत्याही उपवासाची अडचण नाही. आहार म्हणून वेगळं काही लागत नाही: भाताचं प्रमाण अर्ध्यावर आणा, जोंधळ्याची भाकरी एक-दीड, उसळ आणि पालेभाजी भरपूर. भाकरीनं शुगर वाढत नाही हा समज चुकीचा आहे. चार भाकऱ्या खाल्ल्या तर वाढतेच.

उलट्या, जुलाब किंवा खाणं बंद झालं तर मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन-एम्पाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारा. यांतल्या डापाग्लिफ्लोझिन गटात शुगर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ‘खाल्लं नाही म्हणून इन्सुलिन नाही’ असं परस्पर ठरवू नये.

सावध: गावात सर्दी-शिंकांसाठी ‘एक सुई’ दिली जाते. ती स्टिरॉइडची आहे का, असं विचारा आणि नाव चिठ्ठीवर लिहून घ्या. डेक्सामेथासोनची सुई काही दिवस शुगर चढी ठेवते. ट्रायमसिनोलोनसारखी साठून राहणारी सुई आठवडेच्या आठवडे. छातीतल्या संसर्गासाठी लेव्होफ्लॉक्सासिन दिलं तर शुगर खाली-वर दोन्ही जाऊ शकते. तेवढे दिवस तपासणी वाढवा.

## पायरी ६: ॲलर्जीचा उपचार

गोळ्या. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिननं काहींना झोप येते; क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्यांनी तर नक्कीच. पहिली गोळी रात्री घ्या, दुसऱ्या दिवशी ऊसतोडणी यंत्र किंवा गाडी चालवायची असेल तर विचार करा. फेक्सोफेनाडिननं झोप कमी येते, पण ते फळांच्या रसाबरोबर घेऊ नये. नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन मिसळलेल्या गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात. मोन्टेलुकास्ट सुरू केल्यावर वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी दिसली तर लगेच कळवा. हे रुग्णापेक्षा घरच्यांना आधी दिसतं, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा.

नाकातला फवारा. डोकं किंचित पुढे झुकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. म्हणजे टोक मधल्या पडद्याकडे न जाता बाहेरच्या बाजूला राहतं आणि रक्त येत नाही. जोरात हुंगू नका. झायलोमेटाझोलिन-ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब वेगळे: तीन ते पाच दिवसांच्या वर घातले की नाक थेंबाशिवाय उघडेनासं होतं.

त्वचेची ॲलर्जी चाचणी. ॲलर्जीच्या गोळ्या साधारण एक आठवडा आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा ‘नाही’ येतो. दम्याचा पंप थांबवायचा नाही. हे दोन्ही उलटं करून येणारे लोक असतात.

ॲलर्जीच्या सुया (इम्युनोथेरपी). तीन ते पाच वर्षांचा कार्यक्रम आहे, हे समजूनच सुरू करा. दमा आटोक्यात नसताना सुई घ्यायची नाही. त्या दिवशी पीक फ्लो घसरलेला असेल तर पुढे ढकला. प्रत्येक सुईनंतर ३० मिनिटं दवाखान्यातच बसायचं. बस चुकते म्हणून दहा मिनिटांत निघू नका. जिवावर बेतणारी प्रतिक्रिया आली तर ती बहुधा याच वेळात येते. ओमॅलिझुमॅबच्या पहिल्या तीन इंजेक्शनांनंतर दोन तास थांबवतात. ते वजन आणि रक्तातल्या आयजीईवरून (ॲलर्जीत वाढणारा रक्तातला घटक) दोन किंवा चार आठवड्यांनी देतात, आणि ते चालू असताना रोजचा पंप सुटत नाही.

## पायरी ७: इन्सुलिन नव्यानं सुरू झालं तर

एकच गोष्ट पक्की करा: बाटली आणि सिरिंज एकाच मापाची. बाटलीवर ‘४० आययू’ असेल तर लाल झाकणाची यू-४० सिरिंज. ‘१००’ असेल तर नारिंगी झाकणाची यू-१००. यू-४० च्या बाटलीतून यू-१०० सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट केलं तर २० च्या जागी ५० युनिट, आणि त्यात जीव जाऊ शकतो. मेडिकल बदललं की दर वेळी बघा.

पेन वापरताना आधी दोन युनिट हवेत सोडा, टोचल्यावर दहा सेकंद सुई आत ठेवा, जागा रोज बोटभर सरकवा. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. चालू असलेलं घरात सावलीत साधारण चार आठवडे टिकतं. उन्हाळ्यात लाईट गेली तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

## पायरी ८: थरथर की शुगर? धाप की घबराट?

साल्बुटामॉलनंतर हात थरथरतात, छाती धडधडते. शुगर उतरली तरी तेच होतं. अंदाज बांधू नका, बोट टोचा.

शुगर ७० च्या खाली: तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर अर्धा पेला पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. नंतर भाकरी किंवा बिस्किट. कुंदा, लाडू चालणार नाहीत. तुपा-खव्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शुगरसाठी व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज चालू असेल तर साखरेनं काम होत नाही, ग्लुकोजच हवं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका.

शुगर ठीक आणि धाप: ताठ बसवा, झोपवू नका. साल्बुटामॉलचा एक फवारा स्पेसरमधून, दर अर्ध्या-एक मिनिटाला एक, जास्तीत जास्त दहा. आराम नसेल तर १०८. दहा मिनिटांत गाडी आली नाही तर पुन्हा दहा.

फवारे मोजत न बसता आधी १०८ ला लावायचं ते केव्हा: एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर, पेंग येतेय, ऑक्सिमीटर ९२ च्या खाली, किंवा पीक फ्लो उच्चांकाच्या निम्म्याहून कमी. छातीतली शिट्टी अचानक बंद झाली आणि माणूस गळून गेला, तर ते बरं होण्याचं नाही, हवाच आत जात नसल्याचं लक्षण आहे. कणकुंबीकडच्या वाड्यांवर गाडी पोचायला वेळ लागतो. कुणाची जीप रात्री मिळेल हे आजच ठरवून ठेवा.

दवाखान्यात वाफेतून (नेब्युलायझरनं) साल्बुटामॉलचा जास्त डोस दिला की शुगर वाढते आणि पोटॅशियम उतरतं. दोन्ही तपासायची आठवण करून द्या. शुगर चढली म्हणून वाफ नाकारू नका.

## पायरी ९: घर, शेत, कामाची जागा

पावसाळ्यात खानापूर पट्ट्यात भिंतींना बुरशी धरते. गादी-उशी उन्हाच्या पहिल्या संधीला बाहेर. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा गरम पाण्यात, हाताला सोसवणार नाही इतक्या. ओली फडकी झोपायच्या खोलीत वाळत घालू नका.

गाजरगवत, म्हणजे काँग्रेस गवत, फुलायच्या आत उपटायला हवं; आणि ते काम दमेकऱ्यानं करायचं नाही. भाताची मळणी, पाचट जाळणं, गुऱ्हाळाचा धूर या काळात ऐन वेळेचा पंप कमरेला आणि रोजचा पंप एकही वेळ न चुकता. निपाणीच्या तंबाखू वखारीत किंवा उद्यमबागच्या फौंड्रीत काम असेल तर सुट्टीच्या दिवसांचा पीक फ्लो वेगळा लिहा. रविवारी आकडा वर आणि बुधवारी खाली असा नमुना दिसला तर तो कागद डॉक्टरांना नक्की दाखवा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. एन-९५ मास्क अडवतो. चुलीवर स्वयंपाक असेल तर धुराडं आधी, महागडं एअर प्युरिफायर नंतर.

## पायरी १०: औषध कमी करायची वेळ

रात्री जाग नाही, ऐन वेळेचा पंप आठवड्यात दोनदाहून कमी, पीक फ्लो ८० टक्क्यांच्या वर, असे सलग तीन महिने गेले की रोजच्या पंपाचा डोस कमी करण्याचा विषय डॉक्टरांशी काढा. सर्दी चालू असताना, दिवाळीच्या फटाक्यांत किंवा ऊस हंगामाच्या तोंडावर नको. कमी करायचं म्हणजे डोस, पूर्ण बंद नाही.

दर भेटीला यादी, वही, दोन्ही पंप आणि ग्लुकोमीटर असं चार वस्तूंचं सामान न्या. कन्नडमध्ये सांगितलेलं पूर्ण कळलं नसेल तर तिथेच मराठीत विचारून कागदावर घ्या; बेळगाव-खानापूरच्या दवाखान्यांत मराठी बोलणारी नर्स बहुधा असतेच. फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोनियाची कोणती आणि किती वेळा हे डॉक्टरांना विचारून. पायांची आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. त्या वेळी थेंब लिहून दिले तर पायरी १ मधली यादी पुन्हा बाहेर काढा आणि टिमोलोल नाही ना, हे मेडिकलच्या काउंटरवरच वाचून घ्या.